संडासातल्या बाटल्या

"पण मी म्हणते, संडासात बाटल्या टाकायच्याच कशाला?" ओहायो नदीकाठच्या एका जुन्या गावात, दीडशे वर्षांच्या विटांच्या घराच्या मागच्या पायरीवर उभ्या राहून एका मराठी काकूंनी हा प्रश्न विचारला. घर मुलाचं, नुकतंच घेतलेलं. दारात दोघं जण आडव्या मुठीची पोलादी सळई घेऊन उभे. तुमच्या परसात जुना संडास पुरलेला असणार, त्यातल्या जुन्या बाटल्यांसाठी तो खणू द्याल का? निम्मा माल तुमचा, खड्डा होता तसा बुजवून देऊ. मुलगा 'हो' म्हणून मोकळा झाला, सूनबाईंनी नाक मुरडलं आणि काकूंनी मुद्द्याचं विचारलं. खणणाऱ्यांकडे याचं एक ठरलेलं उत्तर असतं, तेच त्यांनी दिलं: तेव्हा कचऱ्याची गाडी येत नसे. मुलानं ते मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "गाडी आमच्याकडे तरी कुठे होती? म्हणून काय कुणी संडासात बाटली टाकली?"

यावर कुणी काही बोललं नाही.

काकूंचं म्हणणं बिनतोड होतं. जुन्या बाटल्यांचा नाद असलेली माणसं बाटलीच्या रंगावर, तळावरच्या खुणेवर, किमतीवर तासन्‌तास बोलतात. ती तिथे पोचली कशी, हे मात्र 'गाडी येत नसे' या एका वाक्यात उरकतात. खरं तर ते कोडं खड्ड्यातच सुटतं. बाटली कुठल्या थरात होती, काठाला होती की मध्यभागी, एकटी होती की पन्नास जणींत, यावरून बरंच काही कळतं. त्यासाठी आधी खड्डा सापडावा लागतो, आणि नीट खणावा लागतो.

घर जितकं जुनं तितकं बरं, पण नुसतं घराचं वय उपयोगाचं नाही. गावात भुयारी गटार कधी आलं, ते आधी बघायचं. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत ती १८८० ते १९१०च्या दरम्यान आली, गरीब वस्त्यांत त्याहून उशिरा. घर बांधलं १८५५ला आणि गटार जोडलं १८९५ला, तर मधली चाळीस वर्षं त्या घरानं परसातला खड्डा वापरला. एकच खड्डा चाळीस वर्षं पुरत नाही. भरला की झोपडी उचलून शेजारी नव्या खड्ड्यावर ठेवायची आणि जुना बुजवायचा. त्यामुळे एका परसात दोन-तीन खड्डे निघणं नवलाचं नाही. एक सापडला म्हणून सळई गुंडाळून गाडीत टाकणारे पुष्कळदा चांगला खड्डा मागे ठेवून जातात.

कागदावरचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. ही कंपनी न्यूयॉर्कची, १८६७ सालची. आगीचा विमा उतरवणाऱ्यांना घर किती जळाऊ आहे ते कचेरीत बसून कळावं, म्हणून तिनं अमेरिकेतल्या हजारो गावांचे नकाशे काढले. पन्नास फुटांना एक इंच असं प्रमाण. विटांचं घर गुलाबी, लाकडी घर पिवळं, दगडी निळं. तबेल्यावर फुली. हजारो पानं आता लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून फुकट बघता येतात. नशीब असेल तर जागेच्या मागच्या कडेला इवलासा पिवळा चौकोन दिसतो. नेहमी दिसत नाही, कारण संडास जळला तर विमा कंपनीचं काय जाणार? तरी एकाच जागेची दोन-तीन वेगवेगळ्या सालांची पानं शेजारी ठेवली की कुठली शेड आली, कुठली गेली, तबेला कुठे होता, गल्ली किती रुंद होती हे कळतं. मोजताना घराचा पक्का कोपरा धरायचा, कुंपण कधीच धरायचं नाही. कुंपणं सरकतात. दीडशे वर्षांत शेजाऱ्यांची दहा भांडणं झालेली असतात.

माणसाच्या सवयी मात्र फारशा सरकत नाहीत. संडास घरापासून होईल तितका लांब, म्हणजे जागेच्या मागच्या हद्दीला लागून. बहुतेकदा कोपऱ्यात, कारण तिथे दोन बाजूंनी कुंपणाचा आडोसा मिळतो. जोडघरं असतील तर दोन्ही घरांचे संडास हद्दीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून. विहिरीपासून लांब ठेवायचं शहाणपण सगळ्यांकडे होतंच असं नाही, आणि कॉलऱ्यानं त्याची किंमत वसूल केली. आज त्या कोपऱ्यात गॅरेज उभं असतं, नाहीतर काँक्रीट. तेव्हा हात चोळत परतायचं. मोकळी जागा असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघावं. भराव दीडशे वर्षं खचत राहतो, म्हणून हिरवळीत बशीएवढा उथळ खळगा दिसतो. गवत तिथे जरा जास्तच तरारलेलं असतं, ते का हे सांगायला नको.

आता सळई. साधारण तीन-अष्टमांश इंच जाडीची, पाच-सहा फूट लांबीची, स्प्रिंगच्या पोलादाची. साधं लोखंड वाकतं आणि वाकलेलंच राहतं. टोकाला सळईपेक्षा किंचित जाड गोळी झाळलेली हवी. टोकानं वाट रुंद केली की मागची सळई मातीला घासत नाही आणि हाताला जे कळतं ते फक्त टोकाचं कळतं. गोळी नसेल तर चिकणमाती सळईला सगळीकडून धरते आणि काहीच उमगत नाही. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी जमीन सर्वांत बोलकी असते. कडक उन्हाळ्यात ओहायोची चिकणमाती अशी घट्ट होते की खांदे भरून येतात आणि हाती शून्य. मागच्या हद्दीपासून सुरुवात करून दर दीड-दोन फुटांवर सळई दाबत जायची. अनाघ्रात जमिनीत ती फूट-दीड फुटावर अडते, आणि सगळीकडे सारखीच अडते. मग एका जागी अचानक सुटते. तीन फूट, चार फूट, खाली खालीच जाते, आणि मधे करकर लागते. ही करकर ओळखता येणं म्हणजेच या कामातलं कसब. कोळशाची राख बारीक, रवाळ लागते. वीट बोथट खरखरते आणि टोकावर तांबडी पूड घेऊन वर येते. दगड टणकन मनगटाला झटका देतो. काच कर्कश, निसटती किरकिरते, तो आवाज कानापेक्षा दातांना आधी कळतो. काच लागली की जोर तिथल्या तिथे थांबवायचा. उतावीळ माणसाची सळई सरळ बाटलीच्या पोटातून आरपार जाते आणि पुढे दोन तास खणून स्वतःच पाडलेलं भोक बघायला मिळतं.

मग टोक पुसायच्या आधी नाकाशी न्यायचं.

त्याला संडासाचा वास येत नाही. तो केव्हाच गेलेला असतो. ओलसर, कुबट, थोडा बुरशीसारखा वास येतो, आणि मातीचा रंग आजूबाजूच्या पिवळट चिकणमातीपेक्षा काळपट हिरवा असतो. ही खूण पटली की चारही दिशांना सहा-सहा इंचांवर टोचून कडा पक्क्या करायच्या. आडमाप खड्डा निघाला तर तो बहुधा कचऱ्याचा, फार गोल आणि फार खोल निघाला तर विहीर किंवा पावसाच्या पाण्याचं टाकं. तीन बाय चार ते चार बाय सहा फुटांचा आयत मिळाला, तर लाकडी फळ्यांचा संडास. सिनसिनाटी, सेंट लुईस, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर अशा शहरांत मात्र विटांचे किंवा दगडांचे गोल कूप बांधत. ते पंधरा-वीस फूट, कधी त्याहूनही खोल जातात. त्यांना तिवई, कप्पी, दोर आणि वर दोन भरवशाची माणसं लागतात.

खणायच्या आधी दोन कामं. ८११ला फोन करायचा. कंपन्यांची माणसं येऊन गॅस, वीज, पाण्याच्या लाइनींवर रंगीत खुणा करून जातात. फोन दोन-तीन कामाचे दिवस आधी करावा लागतो, आणि घाईत हीच पायरी गाळली जाते. दुसरं, ताडपत्र्या. एकीवर हिरवळीचे चौकोन, फावड्यानं तीन-चार इंच जाडीचे कापून, ओळीनं मांडलेले. दुसरीवर माती. मालकाच्या गवतावर माती पडली की ती पुन्हा पूर्ण निघत नाही, आणि शेजारचं घर दार उघडत नाही. चार बाय पाच फुटांचा, सहा फूट खोल खड्डा म्हणजे एकशेवीस घनफूट. ही पाच टनांच्या आसपास माती झाली. मोकळी झाली की ती फुगते, आणि रंगाच्या पाच गॅलनी बादल्यांच्या हिशेबात अडीचशे-एक खेपा होतात. यातून बाटल्या निघाल्या तर निघाल्या.

पहिले दोन-तीन फूट बहुधा नुसता भराव असतो: विटांचे तुकडे, गिलावा, शेगडीची राख. त्याखाली बुजवतानाचा कचरा. नळ आला, संडास बंद झाला, आणि घरातली साठलेली अडगळ एका दमात त्या खड्ड्यात गेली. बाटल्यांची खरी रास इथे असते. फुटकी चिनीमाती, कान तुटलेली चेंबर पॉट (रात्री खोलीत ठेवायची मुताची भांडी), दिव्याच्या काचा, गुरांची हाडं. त्याच्याही खाली वापराचा थर. इथे फावडं ठेवायचं आणि आखूड दांड्याचा काटा किंवा खुरपं घ्यायचं. माती भुसभुशीत, तेलकट, हिरवट-काळी. मधे मधे पांढरे चुन्याचे पट्टे. वास आणि माश्या मारायला घरातलं कुणीतरी दर काही दिवसांनी फावडंभर चुना टाकत असे, त्याच्या या ओळी. हा थर चिमटीत घेऊन चोळला तर बोटांवर बारीक बिया राहतात. रासबेरी, स्ट्रॉबेरी, अंजीर, द्राक्ष, टोमॅटो. पोटातून गेलेल्या, न पचलेल्या, दीडशे वर्षांनी तशाच. हजारोंनी. मला विचाराल तर आख्ख्या खड्ड्यात याहून थक्क करणारं काही नसतं, पण बियांना बाजारात गिऱ्हाईक नाही. खणणारे त्या बादलीबरोबर वर फेकून देतात.

काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन थरांच्या फरकात आहे. वरच्या राशीतली बाटली हा निव्वळ कचरा. खड्डा भरायचाच होता, भर मिळाली. तिच्यामागे गुपित शोधायला जाऊ नये. पण वापराच्या थरात, चुन्याच्या दोन पट्ट्यांच्या मधे एकटी सापडणारी बाटली वेगळी. ती संडास चालू असताना, आत कडी लावून बसलेल्या कुणीतरी, बसायच्या फळीच्या भोकातून खाली सोडली. अशा बाटल्या पाहिल्या तर त्यात चपट्या व्हिस्कीच्या असतात, औषधाच्या असतात, कधी काचेच्या पिचकाऱ्या असतात. दारूबंदीची चळवळ जोरात होती, घरात बायबल होतं, आणि परसात एक अशी खोली होती जिथे कुणी दार ठोठावत नसे. लिडिया पिंकहॅमचं बायकांचं टॉनिक १८७५पासून मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावातून देशभर जाई. त्यात वनस्पतींच्या अर्काबरोबर अठरा-वीस टक्के अल्कोहोल होतं. दारूला न शिवणाऱ्या बायका ते चमच्यानं घेत आणि त्यांना बरं वाटे. पिट्सबर्गच्या हॉस्टेटर बिटर्सच्या चौकोनी तपकिरी बाटल्या तर खड्ड्यामागून खड्ड्यात निघतात. तेही औषधच, आणि व्हिस्कीच्या तोडीचं.

आणि एक फिकट निळसर-हिरवी, बोटभर रुंद, पाचेक इंच उंच गोल बाटली. अंगावर उठावाची अक्षरं, मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. दात येताना रडणाऱ्या बाळांना शांत करायचं औषध, १८४९पासूनचं. त्यात मॉर्फिन होतं. मूल खरंच शांत होई. काही मुलं कायमची झाली. १९०६च्या अन्न आणि औषध कायद्यानं मॉर्फिन, अफू, अल्कोहोल लेबलावर छापायची सक्ती झाली, तेव्हा कुठे पुष्कळ आयांना आपण काय पाजतोय ते कळलं. ही बाटली दुर्मीळ नाही, तिला भाव नाही. खणणारे ती 'आणखी एक विन्स्लो' म्हणून बादलीत टाकतात. त्याच थरात कधी कधी चिनीमातीच्या बाहुलीचं डोकं निघतं. त्या दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, हे मनाला बजावावं लागतं.

बाटली हातात आली की वय बोटांनी कळतं. तळाला खरखरीत गोल व्रण असेल तर तिचं तोंड घडवताना ती तळाशी दांडीला चिकटवून धरली होती, म्हणजे साधारण १८६५च्या आधीची. त्यानंतर तळाला धरायचा चिमटा आला आणि तळ गुळगुळीत झाला. ओठ बघावा. वितळलेल्या काचेचं कडं वरून चढवलेलं, खाली ओघळ आलेला, तर १८८०च्या दशकापर्यंतची. ओठ अवजारानं फिरवून नीट केलेला आणि साच्याची शिवण मानेवर विरलेली, तर त्यापुढची. शिवण थेट ओठावरून गेलेली असेल तर ती यंत्राची. मायकल ओवेन्सचं बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र १९०३ सालचं, ओहायोतल्याच टोलिडोचं. अशी बाटली निघाली की खणणाऱ्यांचे चेहरे उतरतात. बिनरंगी काच जांभळट झाली असेल तर तिच्यात मँगनीज आहे आणि ती कधीतरी उन्हात पडली होती. खड्ड्यातून थेट निघालेली जांभळी असायचं कारण नाही. गडद निळी, कडांना उभे दात असलेली बाटली विषाची. रात्री अंधारात चाचपडताना बोटांना कळावं म्हणून ते दात.

सोडा आणि बियरच्या बाटल्यांची गोष्ट निराळी. त्या बाटलीवाल्या कंपनीच्या मालकीच्या, परत करायच्या असत, कित्येकींवर तसं उठावानं लिहिलेलंही असे. अमेरिकेत सोड्याला १८७९च्या पेटंटचं हचिन्सनचं तारेचं आणि रबराचं बूच चाले. १८९२ला बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं पत्र्याचं बिल्लेवालं बूच काढलं आणि ते मागे पडलं. आपल्याकडच्या गोटी सोड्याची बाटली इंग्रज हायरम कॉडची, १८७२ची. अमेरिकी खड्ड्यांत ती क्वचितच निघते. आपल्याकडे मात्र तिचं मूळ घराणं बंद पडल्यावरही ती स्टँडवर, जत्रेत खणखणत राहिली, कारण फुटेपर्यंत ती भरून भरून वापरली गेली.

आणि इथे काकूंच्या प्रश्नाचं दुसरं अर्ध येतं. आपल्याकडे बाटली फेकायची वस्तूच नव्हती. रॉकेल आणायला बाटली, गोडेतेलाला बाटली, मधाला बाटली. डॉक्टरकडे जाताना घरून बाटली न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल औषध भरून बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एका दातऱ्याला एक डोस. गोव्यात फेणीचा काचेचा गाराफांव पिढ्यान्‌पिढ्या घरात. उरलंसुरलं बाटलीवाला पैसे देऊन नेई. मुंबईच्या पारशांत तर ते आडनावच झालं. पण एवढ्यानं भागत नाही. चोरून प्यायलेली चपटी कुणाला विकता येत नाही, ती लपवावीच लागते. मग ती आपल्या संडासात का नाही?

कारण आपल्या संडासाला खड्डाच नव्हता.

देशावर, कोकणात बहुतेक लोक बाहेरच जात. जिथे वाडा होता, चाळ होती, तिथे फळीखाली पाटी किंवा डबा असे, आणि तो रोज सकाळी एक माणूस येऊन रिकामा करी. बहुतेकदा बाई. तिच्यासाठी वाड्यामागे वेगळा बोळ, वेगळं दार, मुंबईच्या चाळींच्या मधे घरगल्ली. घरगल्ल्या अजून आहेत, त्यांत आता ड्रेनेजचे पाइप उतरतात. ज्या जातींवर हे काम लादलं होतं, त्यांच्या डोक्यावरून सगळ्या गावाची पोटं रोज वाहून जात होती. त्या पाटीत बाटली टाकली तर दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी हाताला लागणार, काच कापणार. आणि घरात काय चाललंय ते तिला कळणारच. तिला सगळ्या घरांचं सगळं कळत असणार. कुणाला जुलाब झालेत, कुणाची पाळी चुकली, कुणाला जंत झाले. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं कुठे लिहून ठेवलं नाही. अमेरिकेतही खड्डे उपसणारे होते, रात्री कंदील घेऊन येत, वर्षा-दोन वर्षांनी. त्यामुळेच कित्येक खड्डे तळापर्यंत रिकामे निघतात, आणि अनुभवी माणूस तरीही चारही कोपरे आणि भिंतीलगतची वीतभर माती खुरप्यानं तपासतो, कारण उपसणाऱ्यालाही घरी जायची घाई होती. पण वर्षातून एकदा येणारा माणूस आणि रोज येणारी बाई यांत फरक आहे. थर साचायला जेवढी उसंत लागते, तेवढी आपल्या पाटीला कधी मिळालीच नाही. गोव्यातल्या जुन्या घरांमागे तर तेवढाही प्रश्न नव्हता, डुकरं लगेच हजर असत.

आपल्याकडे खड्डा आला तो या बाईची सुटका म्हणून. गांधीवादी अप्पा पटवर्धनांनी १९३२ला रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतलं, मिळेना तेव्हा उपास केला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारे संडास बांधून दाखवले. खड्डा म्हणजे कुणाच्या डोक्यावर पाटी नाही, इतका साधा हिशेब. हातानं मैला वाहायला बंदी करणारा कायदा यायला तरी १९९३ उजाडलं, आणि तो पुरा पडला नाही म्हणून २०१३ला दुसरा करावा लागला. ओहायोतल्या परसात थराथरानं चुना आणि बिया बघताना हे आठवतं, आणि त्या खड्ड्याचं कौतुक जरा कडवट होतं.

पुरातत्त्ववाल्यांचा या नादावर राग आहे, तो मला बराचसा पटतो. अमेरिकेच्या संघ सरकारच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उचलणं १९७९च्या कायद्यानं गुन्हा आहे. खाजगी परसात मालकाच्या संमतीनं बहुतेक ठिकाणी चालतं. पण चालतं म्हणजे बरं आहे असं नाही. बॉस्टनमध्ये रस्त्याच्या प्रचंड प्रकल्पाआधी कॅथरीन नॅनी नेलर या सतराव्या शतकातल्या बाईचा संडास शास्त्रशुद्ध खणला गेला. तिनं १६७१ला नवऱ्यापासून घटस्फोट मिळवला होता. त्या खड्ड्यातून रेशमाचे तुकडे निघाले, किडे निघाले, फळांच्या बिया निघाल्या, आणि लाकडी बोलिंगचा एक चेंडू निघाला. खेळ-करमणुकीला नाक मुरडणाऱ्या प्युरिटन बॉस्टनमध्ये! बाटलीवाल्यांनी तोच खड्डा एका शनिवारी खणला असता तर चेंडू कदाचित वाचला असता, बिया आणि किडे नक्कीच नाही. दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीतल्या १९९१च्या उत्खननातल्या साडेआठ लाखांच्या आसपास वस्तू वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एका इमारतीच्या तळघरात ठेवल्या होत्या. ११ सप्टेंबर २००१ला त्या गेल्या. प्रदर्शनासाठी बाहेर दिलेल्या अठरा तेवढ्या राहिल्या. अर्थात त्यांची टिपणं होती, म्हणून त्या वस्तीबद्दल आज काही सांगता येतं. बाटलीवाल्याचं कपाट जळलं तर काहीच उरत नाही. थर किती फुटांवर, बाटली कुठल्या थरात, सोबत काय, एवढं वहीत लिहायला पाच मिनिटं लागतात. दहांतले नऊ जण लिहीत नाहीत, आणि गोदाम भरून बाटल्या असलेला माणूसही कुठली कुठून आली ते सांगू शकत नाही. मालकाचं, गल्लीचं नाव लिहिलं नाही तरी हरकत नाही, पण थर लिहायला काय जातं?

बाकी, हा खेळ दिसतो तितका सुखाचा नाही. पाच फुटांहून खोल चरात आधाराच्या फळ्यांशिवाय कामगाराला उतरवू नये, असा तिथल्या कामगार सुरक्षेचा नियम आहे, आणि नियम उगाच नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास सोडतो, पण पुन्हा घेऊ शकत नाही. लाकडी खड्ड्याच्या फळ्या केव्हाच कुजलेल्या असतात, नुसती मातीची भिंत उभी असते. पावसानंतर, वाळूच्या जमिनीत, किंवा शेजारी दुसरा जुना खड्डा असेल तर ती बसते. उपसलेली माती काठापासून निदान दोन-तीन फूट लांब टाकावी, आणि बाटली दिसली म्हणून भिंतीत आडवं बीळ पाडू नये. बहुतेक अपघात या आडव्या बिळांचे. एकट्यानं कधीच उतरू नये. खोल गोल कुपात तळाशी हवा खराब असू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन ताजं हवं, जाड हातमोजे हवेत. जंतांची अंडी अशा थरांत शतकानुशतकं दिसतात. ती जिवंत नसतात, तरी हात धुतल्याशिवाय सँडविच खाणाऱ्या माणसाबरोबर खणू नये, हे माझं मत.

वर आल्यावर वाटणी. मालक आधी उचलतो, आणि हमखास खणणाऱ्याला न आवडलेली, पण रंगानं सुंदर बाटली उचलतो. बाटल्या कोमट पाण्यात भिजवायच्या, गरम पाण्यात नाही, थंड काच तडकते. चुन्याच्या थरात राहिलेल्या काचेला दुधाळ, सप्तरंगी साय येते. ती घासून जात नाही. तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे आणि पॉलिशची पूड घालून फिरत्या नळकांड्यात दिवसचे दिवस घोळवावी लागते. त्यात काचेचा वरचा थर जातो आणि उठावाची अक्षरं बोथट होतात. मला सायीसकट आवडतात. भाव मात्र घोळवलेलीला.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि त्यावरच अब्रू अवलंबून. फुटकी चिनीमाती आणि काच तळाला टाकायची, वर कधी येता कामा नये. मग माती, दर फुटाला पायानं आणि चार इंची ओंडक्यानं धुमसत. सगळी एकदम लोटली तर महिन्याभरात खळगा पडतो आणि गवत कापायचं यंत्र त्यात अडकतं. शेवटी हिरवळीचे चौकोन आपापल्या जागी, सांधे जुळवून, भरपूर पाणी. चार-सहा इंचांचा उंचवटा मुद्दाम ठेवायचा, पहिल्या दोन-तीन पावसांत तो बसतो. जास्तच बसला तर मालकाचा फोन येतो, आणि मातीच्या चार बादल्या गाडीत टाकून परत जावं लागतं. गेलेलं बरं. शेजारच्या परसातही एक खड्डा असतोच.